अनामत, जप्ती, उपसा : ‘सिक्वेस्ट्रेशन’ या शब्दाची कुळकथा

मार्च १९९२मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. ‘कार्बन डाय-ऑक्साइड रिमूव्हल’ या नावाने भरलेली ही पहिली परिषद. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आजच्या एखाद्या विद्यार्थ्याने तिथले निबंध उघडले तर तो गोंधळून जाईल. ‘रिमूव्हल’ म्हणजे हवेत आधीच मिसळलेला कार्बन डाय-ऑक्साइड परत काढून घेणे, असे तो शिकलेला असतो. या निबंधांमध्ये मात्र बरीचशी चर्चा वीजकेंद्रांच्या धुराड्यांची आहे. धुरातला हा वायू बाहेर पडण्याआधीच वेगळा कसा करायचा आणि मग तो टाकायचा कुठे, समुद्रात की खडकात, असा तिचा रोख. त्या वेळी ‘रिमूव्हल’चा अर्थ धुरातून काढणे असाही होत असे. आज त्याच शब्दाच्या व्याख्येतून हे काम वगळलेले आहे.

हा फरक शब्दच्छलाचा नाही. होडीत पाणी शिरत असेल तर दोन कामे करावी लागतात. छिद्र बुजवायचे आणि आत आलेले पाणी उपसायचे. धुराड्यातला वायू अडवणे हे छिद्र बुजवणे झाले. त्याने हवेतला साठा वाढत नाही, पण कमीही होत नाही. हवेतून वायू काढून घेणे हे उपसणे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आता ते ४२०च्या वर गेले आहेत. हा फरक छिद्रे बुजवून भरून निघणारा नाही.

दोन्ही कामांना एकाच पांघरुणाखाली घेणारा एक शब्द गेली तीस-पस्तीस वर्षे वापरात आहे, तो म्हणजे ‘सिक्वेस्ट्रेशन’. करारांत, करकायद्यांत, कंपन्यांच्या अहवालांत आणि आता शेतकऱ्यांपुढे सहीसाठी येणाऱ्या कागदांतही तो असतो. त्याला मराठीत काय म्हणावे, एवढ्या साध्या प्रश्नावरून मी या शब्दाच्या मागे लागलो. उत्तर शोधताना लक्षात आले की आधी त्याचे मूळ गाव पाहायला हवे.

ते मूळ गाव आहे रोमन कायदा. दोघांत एखाद्या वस्तूवरून वाद असेल, तर निवाडा होईपर्यंत ती वस्तू दोघांनी मिळून एका तिसऱ्या माणसाकडे ठेवायची. या तिसऱ्या माणसाला लॅटिनमध्ये ‘सेक्वेस्टर’ म्हणत. इसवी सन ५३३मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेवरून संकलित झालेल्या ‘डायजेस्ट’ या कायदेसंग्रहात मोडेस्टिनस या जुन्या कायदेपंडिताची व्याख्या दिली आहे आणि तिचा आशय हाच आहे. शब्दाची त्याने दिलेली व्युत्पत्ती ‘मागोमाग येणे’ या अर्थाच्या धातूशी जोडलेली आहे. पुढच्या काही अभ्यासकांनी मात्र तो ‘बाजूला’, ‘वेगळे’ अशा अर्थाच्या शब्दाशी जोडला. मला दुसरी व्युत्पत्ती जास्त पटते, पण त्याने पुढच्या कथेत फरक पडत नाही.

कायद्याच्या पोथ्यांच्या कितीतरी आधी हा शब्द नाटकात सापडतो. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला रोमन नाटककार प्लॉटस याच्या ‘रुडेन्स’ या विनोदी नाटकात ग्रिपस नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात समुद्रातून एक पेटी येते. ट्राकालिओ नावाचा दुसऱ्याचा गुलाम ती पेटी ओळखतो आणि तिला बांधलेला दोर धरून बसतो. त्याच्या मते तीनच मार्ग आहेत : मला हिस्सा दे, नाहीतर पंचाकडे चल, नाहीतर पेटी सेक्वेस्टरकडे ठेव. समुद्रकिनाऱ्यावर भांडणाऱ्या दोन गुलामांच्या तोंडी हा शब्द सहज येतो, म्हणजे तो तेव्हा बाजारातला शब्द असला पाहिजे.

मराठी वाचकाला ही व्यवस्था अजिबात परकी नाही. सेक्वेस्टर म्हणजे आपला ‘तिऱ्हाईत’, आणि त्याच्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे ‘अनामत’. मराठेशाहीत पाटीलकी-कुलकर्णाच्या वतनावरून भाऊबंदांत भांडण लागले की निवाडा होईपर्यंत वतन सरकारात अमानत ठेवण्याची रीत होती. मूळ अरबी शब्द ‘अमानत’, त्यात विश्वासाचा अर्थ आहे. आपण त्याचे ‘अनामत’ केले आणि निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या उमेदवारांपर्यंत आणून सोडले. तेव्हा ‘सिक्वेस्ट्रेशन’च्या सर्वांत जुन्या अर्थाला मराठी प्रतिशब्द शोधायला शब्दकोश मंडळाची गरज नाही. तो घरातच आहे.

रोमन कायद्यातला एक बारकावा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. साध्या ठेवीत वस्तू दुसऱ्याकडे असली तरी कायद्याच्या दृष्टीने ताबा ठेवणाऱ्याचाच राही. सेक्वेस्टरच्या बाबतीत मात्र ताबा त्याचा मानला जाई. कारण असे की त्या कायद्यात ठरावीक काळ ताबा सांभाळला की मालकी मिळत असे. वस्तू तिऱ्हाईताकडे असतानाचा काळ दोघांपैकी कोणाच्याच खात्यात मोजला जाऊ नये, म्हणून ही तरतूद. फ्लोरेन्टिनस या कायदेपंडिताच्या नावावर ती नोंदलेली आहे. म्हणजे या शब्दाच्या जन्मापासून काळाचा हिशेब त्याला चिकटलेला आहे. अनामत ठेवली की घड्याळ थांबते, आणि निवाडा झाला की वस्तू बाहेर येते. वस्तू परत देणे हा अनामतीचा भाग आहे. परत न देणाऱ्या तिऱ्हाईताला आपण वेगळे नाव देतो.

इंग्लंडमध्ये गेल्यावर शब्दाचा स्वभाव बिघडला. चर्चच्या कायद्यात एखाद्या धर्मक्षेत्राला पाद्री नसला की तिथले उत्पन्न बिशप वेगळे काढून ठेवी, तोपर्यंत अनामतीचा अर्थ शाबूत होता. पण राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा, १६४३मध्ये, पार्लमेंटने राजाच्या पक्षातल्या लोकांच्या जमिनी आणि मालमत्ता ताब्यात घेण्याचे वटहुकूम काढले. त्या कारवाईचे नाव सिक्वेस्ट्रेशन. इथे दोन पक्षांनी मिळून तिसऱ्याकडे ठेवणे राहिले नाही. एक पक्षच तिसरा होऊन बसला. दंड भरून जमीन सोडवता येई, त्यामुळे परतीचा धागा अगदी तुटला असे म्हणता येत नाही. तरी ही झाली जप्ती. आजही स्कॉटलंडच्या कायद्यात दिवाळखोराच्या मालमत्तेवर जी कारवाई होते तिला हेच नाव आहे. कधीकधी यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘कार्बन जप्ती’ असे वाचून हसू येते, पण यंत्र अगदी चूक नसते. त्याला शब्दाचा सतराव्या शतकातला अर्थ सापडलेला असतो इतकेच.

वैद्यकातला अर्थ ओझरता पाहू. जंतुसंसर्गाने मेलेला हाडाचा तुकडा जिवंत हाडापासून सुटा होऊन आतच पडून राहतो, त्याला ‘सिक्वेस्ट्रम’ म्हणतात. तो काढल्याशिवाय जखम भरत नाही.

रसायनशास्त्राने मात्र शब्दाला खरोखर नवे वळण दिले. काही विहिरींच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, कारण त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. १९३०च्या दशकात अमेरिकेत ‘कॅल्गॉन’ नावाची पूड बाजारात आली. नावाचा अर्थ उघड आहे : कॅल्शियम गॉन, कॅल्शियम गेले. गंमत अशी की ते जात नाही. पुडीतला फॉस्फेटचा रेणू कॅल्शियमला आपल्या विळख्यात धरून ठेवतो. कॅल्शियम त्याच पाण्यात राहते, पण साबणाच्या वाटेला जात नाही. अशा द्रव्यांना ‘सिक्वेस्टरिंग एजंट’ म्हणतात. म्हणजे पदार्थ काढून टाकायचा नाही, त्याला उपद्रव करता येणार नाही असा बांधून ठेवायचा. कीटकशास्त्रातही असाच वापर रूढ झाला. रुईच्या पानांवर वाढणारे काही फुलपाखरांचे सुरवंट रुईच्या चिकातले विष स्वतःच्या शरीरात साठवतात. ते त्यांना बाधत नाही, पण त्यांना खाणाऱ्या पक्ष्याला बाधते. यालाही सिक्वेस्ट्रेशनच म्हणतात.

कार्बन या शब्दाच्या अंगणात आला तेव्हा त्याच्यापाशी असे तीन अर्थ तयार होते : परत करायची अनामत, सक्तीची जप्ती आणि निरुपद्रवी करून बांधणे. पण सुरुवातीच्या लोकांना यांतला एकही लगेच सुचला नाही. १९७७मध्ये चेझारे मार्केट्टी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने ऑस्ट्रियातल्या एका संशोधन संस्थेत काम करताना एक निबंध प्रसिद्ध केला. ‘जिओइंजिनिअरिंग’ हा शब्द त्याच निबंधाच्या शीर्षकातून पुढे आला. युरोपातल्या वीजकेंद्रांचा कार्बन डाय-ऑक्साइड गोळा करून जिब्राल्टरपाशी समुद्रात सोडावा, भूमध्य समुद्राचे जड, खारे पाणी तिथून अटलांटिकच्या तळाकडे उतरते, ते त्याला बरोबर घेऊन जाईल, अशी त्याची कल्पना. या पिढीचा शब्द होता ‘डिस्पोजल’, म्हणजे विल्हेवाट. त्याच वर्षी फ्रीमन डायसनने झपाट्याने वाढणारी झाडे लावून हवेतला कार्बन आवरता येईल का, याचा विचार मांडला. एकाचे लक्ष धुराड्याकडे, दुसऱ्याचे हवेकडे. दोन वाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या होत्या.

‘विल्हेवाट’ हा शब्द प्रामाणिक होता, पण अडचणीचा होता. ज्याची विल्हेवाट लावायची तो कचरा, आणि कचरा समुद्रात टाकण्यावर आंतरराष्ट्रीय कराराची बंधने होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वनशास्त्राच्या लेखनात ‘कार्बन सिक्वेस्ट्रेशन’ रुळू लागले होते. १९८८मध्ये अमेरिकेतल्या एका वीज कंपनीने कनेक्टिकट राज्यातल्या आपल्या कोळशाच्या केंद्राचा धूर ‘भरून काढण्यासाठी’ ग्वाटेमालातल्या शेतकऱ्यांना झाडे लावायला पैसे दिले. आजच्या कार्बन क्रेडिटचा हा पूर्वज. झाडांबरोबर आलेला हा शब्द हिरवा होता, स्वच्छ होता. पुढच्या दहा वर्षांत धुराडेवाल्यांनीही तो उचलला. १९९७च्या क्योटो करारात जंगलांसाठी ‘सिंक’ आणि ‘रिमूव्हल’ हे शब्द आहेत, आणि ‘सिक्वेस्ट्रेशन’ आहे तो तंत्रज्ञानाच्या कलमात, नव्या ऊर्जास्रोतांच्या शेजारी. समुद्रात कचरा टाकण्याविषयीचा लंडन प्रोटोकॉल २००६मध्ये दुरुस्त झाला. समुद्रतळाखालच्या खडकांत वायू सोडायला वाट करून देणाऱ्या त्या कलमातही ‘सिक्वेस्ट्रेशनसाठी’ असाच शब्द आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जी विल्हेवाट होती, ती आता सिक्वेस्ट्रेशन झाली. त्यामागे कोणाचा कट होता असे मला म्हणायचे नाही. शब्द सोयीकडे झुकतात.

सर्वांत परिणामकारक व्याख्या माझ्या मते अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या १९९९च्या अहवालातली आहे. एरवी हवेत सोडला गेला असता, किंवा हवेत तसाच राहिला असता, असा कार्बन पकडून सुरक्षित साठवणे म्हणजे सिक्वेस्ट्रेशन, असा तिचा आशय. यातल्या ‘किंवा’वर क्षणभर थांबायला हवे. ‘किंवा’च्या अलीकडे छिद्र बुजवणे आहे, पलीकडे उपसणे आहे. एका अव्ययाने दोन्ही एका रकान्यात आणून बसवली.

त्या रकान्यात काय काय मावते ते बघा. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर नावाचे वायुक्षेत्र आहे. तिथल्या नैसर्गिक वायूत सुमारे ९ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड आढळतो. ग्राहकाला वायू विकण्याआधी तो वेगळा करावाच लागतो. नॉर्वेने १९९१मध्ये कार्बनवर कर बसवल्यामुळे तो हवेत सोडणे महाग झाले. म्हणून १९९६पासून, वर्षाला साधारण १० लाख टन या हिशेबाने, तो समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात परत भरला जातो. काम चोख आहे, जगभर त्याचे दाखले दिले जातात. पण हा कार्बन जमिनीखालून आला आणि जमिनीखाली गेला. हवेतून एक कणही निघाला नाही, आणि उरलेला वायू ग्राहकाने जाळला तो वेगळाच.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. जुन्या तेलविहिरींत कार्बन डाय-ऑक्साइड दाबाने भरला की खडकाला चिकटलेले तेल सुटून बाहेर येते. टेक्सासमध्ये हे १९७२पासून मोठ्या प्रमाणावर चालू आहे. अमेरिकेच्या करकायद्यात २००८पासून ‘कार्बन सिक्वेस्ट्रेशन’साठी सवलत आहे, आणि तेल काढण्यासाठी भरलेला वायूही तिच्यात बसतो. सुरुवातीला नुसत्या साठवणीला टनामागे २० डॉलर आणि तेलासाठी भरलेल्याला १० डॉलर, असा भेद तरी होता. २०२२मध्ये दर वाढून ८५ आणि ६० झाले. २०२५च्या कायद्याने तोही फरक मिटवला. आता तेल काढून साठवा किंवा न काढता साठवा, दर सारखाच. शब्दाच्या पोटात भेद नसला की तिजोरीतला भेदही फार काळ टिकत नाही.

वैज्ञानिकांनी हा घोळ ओळखला नाही असे नाही. हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीने, म्हणजे आयपीसीसीने, २००५च्या विशेष अहवालाला ‘कॅप्चर अँड स्टोरेज’ असे साधे नाव दिले, पकडणे आणि साठवणे. २००९मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अहवालाने ‘कार्बन डाय-ऑक्साइड रिमूव्हल’ हा शब्द हवेतून काढण्यासाठी वापरून त्याला सूर्यप्रकाश अडवण्याच्या उपायांपासून वेगळे केले. २०१८च्या आयपीसीसी अहवालात आजची व्याख्या पक्की झाली. माणसाच्या कृतीने, हवेतून आणि टिकाऊपणे साठवणे, असे तिचे तीन घटक. जंगल आपोआप जो कार्बन शोषते तो यात धरायचा नाही. तिसरा घटक मात्र सैल राहिला, कारण टिकाऊ म्हणजे किती?

इथे रोमन कायद्यातले ते थांबलेले घड्याळ पुन्हा चालू होते. आयपीसीसीच्या पाचव्या मूल्यांकनानुसार हवेत सोडलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडपैकी १५ ते ४० टक्के हजार वर्षांनंतरही हवेत उरलेला असतो. मग त्याची भरपाई म्हणून लावलेले झाड किती वर्षे उभे राहिले पाहिजे? कॅलिफोर्नियाच्या नियमांत उत्तर आहे १०० वर्षे. २०२१च्या उन्हाळ्यात शेजारच्या ओरेगन राज्यात वणवा पेटला आणि अशा क्रेडिटखाली नोंदलेल्या जंगलाचा काही भाग जळाला. अशा प्रसंगासाठी काही क्रेडिट राखून ठेवलेली असतात, त्यामुळे कागदावर हिशेब जुळला. युरोपीय संघाने २०२४मध्ये कार्बन काढून घेण्याच्या प्रमाणपत्रांचा कायदा केला, त्यात प्रथमच मुदतीप्रमाणे वेगळी कपाटे केलेली दिसतात. खडकात किंवा तत्सम ठिकाणी काही शतके राहील तो ‘कायम’, इमारतीच्या लाकडासारख्या वस्तूंत निदान ३५ वर्षे राहील तो वेगळा, आणि शेतजमिनीतला, ज्यासाठी किमान मुदत ५ वर्षांची, तो आणखी वेगळा. ५ वर्षे आणि काही शतके यांना आजवर एकच नाव होते.

काळाइतकाच खोलीचा प्रश्न. याचे एक ठळक उदाहरण गोव्याशी जोडलेले आहे. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९मध्ये ‘लोहाफेक्स’ नावाची मोहीम काढली. नावातले ‘लोहा’ हिंदीतलेच. ‘पोलारस्टर्न’ हे जर्मन संशोधन जहाज जानेवारीत केपटाउनहून निघाले. दक्षिण महासागरात पोषकद्रव्ये भरपूर असली तरी लोहाची चणचण असते. लोह मिळाले की सूक्ष्म वनस्पती भराभर वाढतात, हवेतला कार्बन घेतात, आणि मेल्यावर त्यांचा काही भाग तळाकडे जातो. एका मोठ्या भोवऱ्यातल्या सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचा क्षार सोडण्यात आला. त्याआधी जर्मनीत मोठे वादळ उठले होते. पर्यावरण मंत्रालयाने प्रयोग थांबवायला सांगितले, तज्ज्ञांची मते मागवली गेली, आणि जहाज समुद्रात असतानाच परवानगी मिळाली.

प्रयोगाचा निकाल शब्दाच्या दृष्टीने फार शिकवणारा आहे. सूक्ष्म वनस्पती वाढल्या खऱ्या, पण त्या कवचधारी जातीच्या नव्हत्या, कारण त्या पाण्यात कवचाला लागणारी सिलिका कमी होती. मऊ वनस्पती कोपेपॉड नावाच्या बारीक प्राण्यांनी खाल्ल्या, त्या प्राण्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी खाल्ले, आणि कार्बन श्वासावाटे पुन्हा वरच्याच पाण्यात आला. खाली गेला तो फारच थोडा. म्हणजे कार्बन हवेतून घेतला गेला, पण ठेवला गेला नाही. समुद्रशास्त्रात या दोन्हींसाठी वेगळे शब्द आहेत. वरच्या थरातून खाली उतरला तर ती ‘निर्यात’. हिवाळ्यात पाणी घुसळून जिथवरचे वर येते त्याच्याही खाली, शतकभर तरी वर येणार नाही इतका खोल गेला, तरच सिक्वेस्ट्रेशन. ही काटेकोर शिस्त इतर क्षेत्रांनी पाळली असती तर या लेखाचे निम्मे काम झाले असते.

आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणातही या शब्दाचा एक अर्थ दडलेला आहे, आणि तो या सगळ्यांत पक्का आहे. आइसलंडमध्ये हेल्लिसहेइदी येथे कार्बन डाय-ऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक दोन वर्षांच्या आत दगड झाला होता, कॅल्साइटच्या रूपाने. दख्खनच्या बेसाल्टमध्येही अशा अभिक्रिया कशा होतील याचा अभ्यास हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत झालेला आहे. त्याचा नैसर्गिक नमुना पाहायला हैदराबादला जायची गरज नाही. पुणे, नाशिक, जळगावकडच्या खाणींत बेसाल्टच्या पोकळ्यांमधून निघणारे कॅल्साइटचे स्फटिक म्हणजे याच प्रकारे दगडात बसलेला कार्बन. अलीकडे बेसाल्टची भुकटी भातशेतीत पसरून हवेतला कार्बन बांधण्याचे काम छत्तीसगडमध्ये चालू आहे. ते करणाऱ्या ‘माटी कार्बन’ला २०२५मध्ये ५ कोटी डॉलरचे आंतरराष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. हे सगळे ऐकायला भव्य वाटते, म्हणून प्रमाणही सांगतो. जगभर माणसाच्या कृतीने हवेतून वर्षाला साधारण २०० कोटी टन कार्बन डाय-ऑक्साइड काढला जातो आणि तो जवळपास सगळा जंगलवाढीतून. नव्या पद्धतींचा वाटा सुमारे १३ लाख टन. जीवाश्म इंधनांतून दरवर्षी सुटतो तो सुमारे ३,७०० कोटी टन.

आता मराठीकडे. कार्बनला आपण पूर्वी ‘कर्ब’ म्हणत होतो. जुन्या पाठ्यपुस्तकांतला ‘कर्बद्विप्राणिल वायू’ अनेकांना पाठ असेल. शहरी मराठीतून कर्ब गेला, शेतीत मात्र टिकला. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना असतो आणि तो वाचायला कोणाला शिकवावे लागत नाही. सिक्वेस्ट्रेशनसाठी हिंदीतून ‘पृथक्करण’ आणि ‘प्रच्छादन’ हे शब्द येतात. पहिला मराठीत चालणार नाही, कारण मराठीत पृथक्करण म्हणजे विश्लेषण. ‘कर्ब पृथक्करण’ म्हटले तर शेतकरी मातीचा नमुना पिशवीत भरून आणील. दुसऱ्यात झाकणे आहे, ठेवणे नाही. ‘स्थिरीकरण’ हा नत्रामुळे ओळखीचा शब्द आहे, पण वनस्पती हवेतला कार्बन घेऊन साखर बनवते त्यालाही स्थिरीकरणच म्हणतात, आणि त्यातला बराच कार्बन वनस्पतीच्या श्वसनावाटे लवकरच हवेत परततो.

एकच प्रतिशब्द शोधू नये, असे माझे मत झाले आहे. इंग्रजीने एका शब्दात जे कोंबले ते मराठीने मुद्दाम मोकळे करावे. झाडांत आणि मातीत ठेवलेला कार्बन ही ‘कर्ब अनामत’. वणवा, कुऱ्हाड किंवा नांगर आला की ती परत जाणार, हे त्या शब्दातच आहे. धुराड्यापाशी धरलेला तो ‘कर्ब अटकाव’. खडकात गेलेला, दगड झालेला तो ‘कर्ब गाडणे’, यात फार संस्कृत करण्याची गरज नाही. आणि हवेतून काढून घेणे या मूळ क्रियेला ‘कर्ब उपसा’.

हा नुसता हौसेचा खेळ राहिलेला नाही. भारत सरकारने जून २०२३मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. बांधावर झाडे लावा, नांगरट कमी करा, बाकी कागदपत्रे आम्ही पाहतो, असे सांगणारे लोक महाराष्ट्रातल्या गावांतही येऊ लागले आहेत. असे करार दीर्घ मुदतीचे असू शकतात. बापाने सही केली आणि मुलाला विहिरीसाठी किंवा लग्नासाठी झाडे विकायची झाली, तर काय होणार? त्या कागदावर ‘कार्बन सिक्वेस्ट्रेशन’ असे देवनागरीत लिहिलेले असेल तर ते वाचूनही न वाचल्यासारखे आहे. ‘कर्ब अनामत, मुदत इतकी वर्षे’ असे असेल तर अनामत कोणाची, कोणाकडे, किती काळ आणि मोडली तर भरपाई कोणाकडून, हे प्रश्न माणूस आपणहून विचारतो. सावकारीचा अनुभव असलेल्या समाजाला ते शिकवावे लागत नाहीत.

‘उपसा’वर माझ्या एका मित्राचा आक्षेप होता. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला आहे. उपसा सिंचन म्हणजे खालचे पाणी वर चढवणे, तुझा कार्बन तर वरून खाली आणायचा आहे, शब्द उलटा पडतो, असे तो म्हणाला. मी त्याला वाळू उपशाचे आणि गाळ उपशाचे उदाहरण दिले. तिथे दिशेला महत्त्व नसते, जिथे नको तिथून काढण्याला असते. त्यावर तो म्हणाला, गाळ उपसायला धरण निदान उन्हाळ्यात आटते तरी, तुझी हवा कधी आटणार? त्याला उपसा हा शब्द अजून मान्य नाही, पण विजेचे बिल कोण भरणार, हा पुढचा प्रश्न मात्र त्याने लगेच विचारला.